आधी ओल घालवा, मग कंदील लावा

कोकणातल्या चिऱ्याच्या घरात पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. आश्विनात तो निघतो, पण त्याचा वास मागे राहतो. माजघराच्या कोपऱ्यात, गोधड्यांच्या घड्यांत, भिंतीच्या पायाशी. अशा घरात पन्नास पणत्या लावल्या तरी आलेलं माणूस अंग आखडूनच बसतं. म्हणून शरदात घर उबदार करायला निघालात तर फुलं, रंग, दिवे थोडे मागे ठेवा. आधी ओल. रत्नागिरीकडच्या आमच्या घरात हे काम घटस्थापनेच्या आसपास सुरू होतं आणि दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत चालतं.

पहिला दिवस वाऱ्याचा. झडीपासून बचाव म्हणून पडवीला बांधलेली झापं, हल्ली बहुतेक घरांत निळी ताडपत्री, सोडून घ्या. समोरासमोरच्या खिडक्या सकाळी नऊ ते तीन उघड्या ठेवा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा; त्यांच्या पाठीमागेच बुरशी धरलेली असते. ती कोरडी झटकू नका, घरभर उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या आणि जागा वाऱ्यावर सुकू द्या.

मग उन्हाची पाळी. ऑक्टोबरचं ऊन सगळ्यांना नकोसं वाटतं, पण गोधड्यांसाठी त्याच्यासारखं ऊन वर्षात दुसरं नाही. अकराला दोरीवर टाका, दीडला उलटा, तीनच्या आत घरात घ्या. परतीचा पाऊस दुपार कलल्यावर गडगडत येतो आणि दोन दिवसांची मेहनत पाच मिनिटांत भिजवतो. आत आणल्यावर लगेच घड्या घालू नका. बाजेवर पसरून गार होऊ द्या, मग सुकवलेला कडुलिंबाचा पाला घड्यांत घाला. पुस्तकांना मात्र थेट ऊन देऊ नका, कागद पिवळा पडतो; ती पडवीत, सावलीत, पानं मोकळी करून उभी ठेवा.

भिंतीला हात लावायची घाई आम्ही एका वर्षी केली. पाहुणे यायचे होते, भिंत आतून ओली होती, तरी चुना मारला. लक्ष्मीपूजनापर्यंत त्याचे पापुद्रे सुटले. तेव्हापासून आम्ही आठ दिवस ऊनवारा लागू देतो आणि भिंतीवर तळहात ठेवून बघतो. गारवा लागला तर थांबायचं.

चुन्याची रीत अशी. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात कळी थोडी थोडी सोडा. कळीवर पाणी ओतू नका, उसळून अंगावर येतं. डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे हवेतच, आणि मुलांना लांब ठेवा. फुटलेला चुना रात्रभर मुरू द्या. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा आणि दुधाइतका पातळ करा. भिंत खरवडून घ्या, पाण्याचा हलका शिपका मारा, मग कुंचा फिरवा. पहिला हात अगदी पाणचट दिसतो. दिसू द्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना पुन्हा दगडासारखा होत जातो, तसा पांढरेपणा उमटतो. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, त्यात चिमूटभर नीळ. चुना अल्कधर्मी असल्याने बुरशी त्यावर सहसा टिकत नाही, आणि भिंतीलाही श्वास घेता येतो. तैलरंग दिलेल्या भिंतीवर मात्र हा धरत नाही. तिथे पुसणं आणि वारा, एवढंच.

आता अंगण, म्हणजे आमचं खळं. माझ्या मते घराचं स्वागत इथेच ठरतं, कारण दिवाळीपासून पुढच्या पावसापर्यंत बसणं-उठणं, वाळवणं, गप्पा सगळं इथेच होतं. परतीचा पाऊस खरोखर गेला याची खात्री करून सुरुवात करा. गवत आणि शेवाळ खरवडून काढा. चार बोटं खणा, खडे वेचा, तांबडी माती पसरा आणि पाणी मारून रात्रभर सोडा. सकाळी उतार बाहेरच्या बाजूला ठेवून सपाट करा आणि चोपण्याने चोपा. दोघांनी समोरासमोर बसून चोपलं तर काम सरतं आणि ठेकाही धरता येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा चोपणं. भेगा दिसल्या तर घाबरू नका, ओल्या मातीने बुजवा. तिसऱ्या दिवशी ताज्या शेणाचा पहिला हात ताकाइतका पातळ. तो सुकला की दुसरा, घावन्याच्या पिठाएवढा. पोफळीच्या विरीचा तुकडा घेऊन मागे सरकत सारवा, म्हणजे पाय उमटत नाहीत. खळं सुकताना घरातल्या कुणाला बोलवावं लागत नाही. आपोआप सगळे ओटीवर येऊन बसतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खळ्याच्या जागी गॅलरी धरावी: तिथे साठवलेल्या कुंड्या आणि खोकी हलवा, फरशी कोरडी करा, एक चटई मावेल एवढी जागा मोकळी ठेवा.

मधे कोजागरी येते. कोकणात हीच नवान्न पौर्णिमा. भाताची, नाचणीची आणि वरीची लोंबी, आंब्याचं पान, कुर्डू आणि झेंडूचं फूल एकत्र बांधून दारावर लावतात; त्याला नवं म्हणतात. बाजारचं तोरण लावायच्या आधी ते लावा. कंदील चिव्याच्या काड्यांचा, पतंगी कागदाचा, घरच्या खळीने चिकटवलेला करा. तो आणि पणत्या दिवाळीत.

पाहुणे यायच्या वेळी पायरीशी तांब्याभर पाणी आणि पाय पुसायला कोरडं फडकं ठेवा, आत गुळाचा खडा आणि पाणी. ओटीवर उन्हात तापलेली गोधडी पसरा. कोजागरीच्या रात्री मसाला दुधाचं पातेलं खळ्यात आणलं की ओटीवरचा दिवा मालवा आणि सगळ्यांना चांदण्यात बसवा.