शक्तिपेये आणि बल : लेबलावरील दावे व शास्त्रीय विचार

प्रास्ताविक

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे रात्रपाळीचे वाहनचालक हा आमच्या चिकित्सालयातील नित्याचा रुग्णवर्ग आहे. काही काळापूर्वी साधारण चाळिशीचा एक ट्रकचालक छातीत धडधड, अनिद्रा व अंगमर्द या तक्रारी घेऊन आला. हृद्द्रव व वातवृद्धी गृहीत धरून चिकित्सा सुरू केली. पंधरा दिवसांनंतरही उपशय मिळाला नाही. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, “वैद्यराज, ताकदीसाठी रोज रात्री चार बाटल्या पितो, तरी अशक्तपणा जात नाही.” आहार, व्यसन, निद्रा यांची प्रश्नपरीक्षा मी केली होती, पण ‘थंड पेय कोणते व किती’ हा प्रश्न विचारला नव्हता. दोष रुग्णाचा नव्हता, माझा होता. प्रस्तुत लेखाचे निमित्त हेच आहे.

बाजारातील स्पर्धा

रेड बुल हे पेय भारतात प्रथम आले तेव्हा त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. पेप्सिको कंपनीचे स्टिंग २०१७ मध्ये आले आणि पुढे वीस रुपयांच्या बाटलीत खेडोपाडी पोहोचले. कोका-कोलाचे थम्स अप चार्ज्ड आणि रिलायन्सचे कॅम्पा एनर्जी हेही याच स्पर्धेत उतरले. दर दहा रुपयांपर्यंत खाली आला. रावेर–सावदा भागात केळीचे ट्रक भरणारा मजूर, महामार्गावरील चालक आणि शाळेजवळच्या टपरीवरील विद्यार्थी हे सर्वच आता या पेयांचे ग्राहक आहेत. दर उतरला की मात्रा वाढते, ही बाब चिकित्सकाने ध्यानात ठेवावी.

बाटलीत काय असते

जाहिरातीत टॉरिन, जिनसेंग व ‘ब’ जीवनसत्त्वांचा उल्लेख ठळक असतो. प्रत्यक्षात जाणवणारा परिणाम मुख्यतः कॅफीन व साखर यांचा असतो. भारतीय मानकानुसार अशा पेयात दर लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक घेऊ नये, तसेच बालके, गर्भिणी, सूतिका व कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्तींनी घेऊ नये, अशी सूचना लेबलावर आवश्यक आहे. सदर चालक दिवसाला एक लिटर पेय, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, घेत होता. चहा वेगळाच. साखरही विचारात घ्यावी : काही पेयांच्या २५० मिलिलिटरमध्ये ती २७ ग्रॅमच्या घरात जाते. प्रमेही रुग्णाच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही.

दाव्यांची परीक्षा

मे २०१५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मॉन्स्टर, त्झिंगा व क्लाउड ९ ही पेये बाजारातून मागे घेण्यास सांगितले. कॅफीन व जिनसेंग यांचे शरीरावरील परिणाम परस्परविरोधी असल्याने त्यांचा संयोग तर्कसंगत नाही, हे त्याचे कारण होते. आपल्या दृष्टीने ही घटना मननीय आहे, कारण द्रव्ये स्वतंत्रपणे गुणकारी असली तरी त्यांचा संयोग तपासावाच लागतो, हा आपल्याच शास्त्राचा सिद्धांत आहे.

अमेरिकेत रेड बुलविरुद्ध ग्राहकांनी दावा दाखल केला होता. एक पेला कॉफीपेक्षा अधिक लाभ या पेयातून मिळतो असे भासविले जाते, हा त्यांचा आक्षेप होता. कंपनीने दोष मान्य न करता २०१४ मध्ये सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरची तडजोड केली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अश्वगंधेला ‘भारतीय जिनसेंग’ म्हणण्याची प्रथा आहे. परंतु जिनसेंग वेगळ्या कुळातील वनस्पती आहे, तर अश्वगंधा वांगी–धोत्रा यांच्या कुळातील. अश्वगंधेच्या लॅटिन नावातील ‘सोम्निफेरा’ या पदाचा अर्थच निद्रा आणणारी असा होतो. निद्राजनक बल्य द्रव्याची कीर्ती जागरण घडविणाऱ्या पेयाला जोडणे हा शास्त्राशी विसंगत व्यवहार आहे. शिवाय अश्वगंधा चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. लेबलावर द्रव्याचे नाव असणे म्हणजे कार्यकारी मात्रा असणे नव्हे.

शास्त्रीय विचार

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ होत. पुष्टी–कार्श्य व बल–अबल निद्रेवर अवलंबून असल्याचे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितले आहे. निद्रा हा अधारणीय वेगांपैकी एक असून तिच्या धारणाने जृंभा, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग व नेत्रगौरव उत्पन्न होतात. आमच्या रुग्णाची लक्षणे यांच्याशी जुळत होती. पेयाने बल उत्पन्न होत नव्हते. श्रमाची जाणीव तेवढी झाकली जात होती. थकवा हा शरीराचा इशारा आहे. तो दाबून गाडी हाकणे चालकाला आणि समोरून येणाऱ्यालाही घातक आहे.

आपले घर

इतरांचे दावे तपासताना आपल्या औषधांच्या जाहिरातींकडे डोळेझाक करता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने डाबरच्या अर्जावरून पतंजलीच्या च्यवनप्राशाच्या जाहिरातीतील, ४० वनौषधींच्या ‘साधारण’ च्यवनप्राशास कमी लेखणाऱ्या विधानांना अंतरिम मनाई केली. पुढे खंडपीठाने त्या आदेशात काही बदल केले. घटकांची संख्या हा जाहिरातीचा विषय झाला की आमलकीची प्रत, पाकसिद्धी व मात्रा हे खरे प्रश्न मागे पडतात. औषधे व जादूटोण्याचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ आपल्यालाही लागू आहे, याचे स्मरण असावे.

व्यवहारात काय करावे

१. अनिद्रा, हृद्द्रव, अम्लपित्त व शिरःशूल यांच्या प्रत्येक रुग्णास शक्तिपेयाचे नाव, बाटलीचा आकार व रोजची संख्या विचारावी.

२. नित्य सेवन एकाएकी बंद केल्यास डोकेदुखी व ग्लानी येते. म्हणून क्रमाक्रमाने कमी करावे. छातीत दुखणे, मूर्च्छा किंवा अनियमित नाडी आढळल्यास विलंब न लावता ईसीजी करवून तज्ज्ञाकडे पाठवावे.

३. खानदेशच्या उन्हाळ्यात श्रमिकांना ताक, कैरीचे पन्हे अथवा ग्रीष्मचर्येत सांगितलेला शीत, सशर्कर मंथ सुचवावा. प्रमेही रुग्णास शर्करा वर्ज्य करावी.

४. औषधी दुकानदारांनी शीतकपाटात शक्तिपेये आणि ओआरएस शेजारी ठेवू नयेत. अतिसारात शक्तिपेय देऊ नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हे शब्द वापरण्यास मनाई केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्यास ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पुडी देताना हे तपासावे.

५. शाळकरी मुलांना ही पेये विकू नयेत. नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाचे आमदार सत्यजित तांबे यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत हा प्रश्न मांडला होता. तेव्हा अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळा–महाविद्यालयांच्या ५०० मीटर परिसरात अशा पेयांच्या विक्रीस मनाई करण्याचे घोषित केले होते.

उपसंहार

आमच्या रुग्णाने तीन आठवड्यांत पेय सोडले, मालकाशी बोलून सलग रात्रपाळ्या कमी करून घेतल्या आणि दिवसा सहा तास झोप घेऊ लागला. धडधड थांबली. औषध मी फारसे बदलले नव्हते. बदलला तो निदानपरिवर्जनाचा विचार. बल बाटलीत मिळते हा समज दूर करणे हे वैद्याचे कर्तव्य आहे, आणि त्या कामी गल्ल्यामागे बसलेला औषधी दुकानदार वैद्याइतकाच उपयोगी पडू शकतो.