चार्जरची ऑर्डर देण्याआधी

मनू,

हॉटेलच्या आवारात चार्जिंग स्टेशन टाकायचं तू मनावर घेतलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. हायवेवर माणसं जेवायला थांबतात, तेवढ्यात गाडीची बॅटरीही भरली तर आणखी काय हवं? परवान्याची काळजी नको. चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. मला बोलायचंय ते अनुदानाबद्दल.

टक्का वाचलास की त्याच्या शेजारची कमाल मर्यादाही वाच. राज्याच्या २०२१ च्या धोरणात स्लो चार्जरला खर्चाच्या ६० टक्के अनुदान होतं, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये. म्हणजे तीस हजारांच्या चार्जरला अठरा नव्हे, दहाच हजार. फास्ट चार्जरला ५० टक्के, कमाल ५ लाख, तेही पहिल्या ५०० चार्जरनाच. आता २०२५ चं नवं धोरण आहे. त्याचा जीआर स्वतः वाच, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सारांशावर जाऊ नकोस.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवलेत. पण तिथे आपण थेट अर्ज करायचा नसतो. प्रस्ताव सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम नाहीतर राज्याची नोडल संस्था यांच्यामार्फत जातात. सरकारी आवारात सगळा खर्च मिळू शकतो. हायवेलगतच्या जागेला ८० टक्के, तेही रोहित्र, केबल अशा मागच्या कामाला; चार्जर आपल्या पैशांनी घ्यायचा. म्हणून हिरमुसू नकोस. साठ किलोवॉटचा चार्जर तुझ्या आताच्या कनेक्शनवर चालायचा नाही, लोड वाढवावा लागेल, कदाचित रोहित्रही नवं लागेल. अंदाज कोसळतो तो याच खर्चाने. महावितरणचं कोटेशन हातात पडल्याशिवाय चार्जरची ऑर्डर देऊ नकोस.

आणि कागद. माझं घोडं तिथेच अडलं. मी दुकानापुढे चार्जर बसवला, तेव्हा दसऱ्याची सूट चुकू नये म्हणून मंजुरीपत्र यायच्या आधीच पैसे भरले. वर बिल माझ्या नावावर, वीजबिल तुझ्या मामीच्या, सातबारा अजून आजोबांच्या. दावा नामंजूर. खिडकीपलीकडच्या बाईंनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बोटाने तीन नावं दाखवली, तेव्हा माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. म्हणून सातबाऱ्यावर जुनं नाव असेल तर आधी वारसनोंद करून घे. मग अर्ज, मंजुरी आणि त्यानंतरच्या तारखेचं जीएसटी बिल. चार्जरवरच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर बिलावर उतरलाय का, ते डिलिव्हरीच्या दिवशीच बघ आणि फोटो काढून ठेव. पैसे रोखीने देऊच नकोस.

बँकेचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, अनुदान मात्र काम उभं राहून तपासणी झाल्यावर सावकाश येतं. हप्त्याचा हिशेब अनुदान शून्य धरून कर. तसा तो बसत नसेल तर आधी दुचाकी-रिक्षांसाठी दोन स्लो चार्जर लाव, गिऱ्हाईक बघ.

अर्थिंगमध्ये मात्र एक रुपयाही वाचवू नकोस. पावसात माणसं ओल्या हातांनी चार्जरची गन धरणार आहेत.

रविवारी सकाळी येतो. टेप घेऊन ठेव, रोहित्रापासून पार्किंगपर्यंत किती मीटर केबल लागेल ते दोघं मिळून मोजू.

तुझा मामा