फुटाचा भाव सांगण्याआधी: घराच्या ॲल्युमिनियम कुंपणाचं कोटेशन कसं काढायचं

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ॲल्युमिनियमचे पाइप कापून आतली जाडी बघितली. त्यातलं गणित आणि कोटेशनची पद्धत इथे लिहून देतोय, म्हणजे साइटवर मोबाइल उघडला की हाताशी राहील.

सुरुवात माझ्याच चुकीने करतो. दुकान नवीन होतं. वेरूळजवळ काळ्या रानातल्या एका घराला १०० फूट कुंपण करायचं काम आलं. गिऱ्हाइकाने फोनवरच विचारलं, "फुटाला काय घेता?" काम हातचं जाईल या भीतीने मी जागा न बघता भाव सांगून टाकला. मग तो भाव जुळवायला पातळ पाइप घेतला, खांब दीड फुटावर काळ्या मातीतच गाडले, स्क्रू साधे लोखंडी मारले. पहिल्या पावसाळ्यानंतर निम्मे खांब कलले. पुढे स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसायला लागली. सगळं काम मी पदरच्या पैशाने परत केलं. तेव्हापासून एकच नियम पाळतो: फुटाचा भाव सगळ्यात शेवटी सांगायचा. त्याआधी पाच गोष्टी बघायच्या.

१. कुंपण कशासाठी हवंय?

शोभा, लहान मुलं, कुत्री, गुरं, चोर, यातलं नेमकं काय? मुलांसाठी दोन उभ्या पाइपांमधली फट चार इंचांपेक्षा कमी ठेवा. गुरं अंग घासत असतील तर तिथे नुसतं ॲल्युमिनियम देऊ नका. त्याच मापाच्या लोखंडी पाइपापेक्षा ते साधारण तिप्पट वाकतं. अशा ठिकाणी खाली दोन-अडीच फूट भिंत आणि वर ॲल्युमिनियम हा चांगला मेळ आहे. वानरांसाठी कुंपण मागितलं तर सरळ सांगा, कुंपणाने वानर थांबत नाही. खरं सांगितलं तर गिऱ्हाईक तुटत नाही, उलट चार लोकांना सांगतं.

२. हद्द कुठे आणि परवानगी कोणाची?

मोजणीची 'क' प्रत बघा. नसेल तर शेजाऱ्याला समोर उभं करून खुणा ठरवा आणि दोघांच्या सह्या घ्या. हद्दीचा वाद पेटला की पहिलं काम तुमचं बंद पडतं आणि पैसे अडकतात. ग्रामपंचायतीत विचारायचं गिऱ्हाइकाला सांगा.

आपल्या वेरूळला आणखी एक गोष्ट आहे. लेण्यांसारख्या केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन हे नियम कडक झाले. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. या पट्ट्यातलं काम असेल तर लेखी परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय खड्डा खणू नका.

३. वजन काढा

ॲल्युमिनियमची घनता २.७. पाइपाच्या कापलेल्या तोंडाचं धातूचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये काढा, २.७ ने गुणा, १००० ने भागा. आला मीटरचा किलो.

समजा ८ फूट बाय ४ फूट पॅनल आहे. दोन आडवे पाइप ५० बाय २५ मिमी, अठरा उभे २५ बाय २५ मिमी.

- आडवे १.५ मिमी आणि उभे १.२ मिमी जाडीचे: सुमारे ९.६ किलो
- आडवे १.२ मिमी आणि उभे १ मिमी जाडीचे: सुमारे ८ किलो

एका पॅनलला १.६ किलोचा फरक. १०० फुटांना साडेबारा पॅनल, म्हणजे २० किलो माल कमी, खांब वेगळेच. फोटोत दोन्ही कुंपणं सारखीच दिसतात. समोरचा दुकानदार फुटाला स्वस्त देतो तेव्हा बहुतेक वेळा तो हा २० किलोच कमी देत असतो. म्हणून व्हर्निअर खिशात ठेवा आणि गिऱ्हाइकासमोर जाडी मोजून दाखवा. त्याला 'महाग का' हे समजावायला दुसरं काही बोलावं लागत नाही.

माल घेताना ६०६३ ग्रेड आणि टी-५ की टी-६ हे बिलावर लिहून मागा.

४. पाया आणि स्क्रू

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवते. खड्डा मुरुमापर्यंत न्या. डोंगराच्या बाजूला खडक वरच लागतो, तिथे ब्रेकरचा खर्च धरा. म्हणजे एकाच गावात दोन घरांचा पायाखर्च वेगळा निघतो. फोनवर भाव सांगायचा नाही, तो यासाठीच.

ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं. खांब काँक्रीटमध्ये गाडायचा असेल तर गाडला जाणारा भाग डांबरी रंगाने रंगवा. भिंतीवर असेल तर बेस प्लेट आणि अँकर फास्टनर वापरा. स्क्रू स्टेनलेस ३०४ चे, खाली नायलॉनचा वॉशर. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं. माझ्या कामातली पांढरी भुकटी तीच होती.

उन्हाने धातू वाढतो हेही धरा. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यात ५० अंशांचा फरक पडला तर तीन मीटरचा पाइप साडेतीन मिमीने वाढतो. जोडाला तेवढी जागा सोडा, नाहीतर पॅनल फुगतं.

५. कोटिंग

पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन मागा. वाळूजकडे जॉबवर्क करून घेताना कोटिंगआधी माल धुऊन केमिकल ट्रीटमेंट करतात का, हे स्वतः बघा. ती टाळली की रंगाचे पापुद्रे निघतात. भोकं शक्यतो कोटिंगच्या आधी पाडा.

आता कोटेशन

कागदावर या ओळी वेगवेगळ्या लिहा: माल (जाडी आणि किलोसह), कोटिंग, पाया, फिटिंग मजुरी, वाहतूक, तुमचा नफा, जीएसटी. ॲल्युमिनियमचा भाव रोज हलतो, म्हणून 'दर सात दिवस वैध' हे लिहाच. मालाइतका ॲडव्हान्स घेतल्याशिवाय पाइप कापू नका. एकदा घराच्या मापाने कापलेला पाइप दुसरीकडे लागत नाही, भंगारात जातो. शेवटी बेरजेला फुटांनी भागा. हा तुमचा फुटाचा भाव.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गल्लीतलं एक कुंपण निवडा. मालकाला विचारून टेपने मापं घ्या, वरच्या पद्धतीने वजन काढा आणि पूर्ण कोटेशन वहीत लिहा. पहिलं चुकलं तरी वहीतच चुकेल, खिशाला झळ लागणार नाही. मी ते उलटं केलं होतं!