सायकल स्टँडचा बिल्ला आणि संगणकाची कुकी

चिखलीच्या एखाद्या घरातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. घरात स्मार्टफोन एकच आहे. दुपारी दहावीतल्या मुलीने त्यावर अंगावरच्या पांढऱ्या डागांविषयी माहिती वाचली. ती स्वतःसाठी वाचली की मैत्रिणीसाठी, हे तिने कोणाला सांगितले नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर वडील त्याच फोनवर सोयाबीनचा भाव पाहायला बसले. भावाच्या तक्त्याखाली जाहिरात झळकली, “पांढऱ्या डागांवर खात्रीचा उपाय!”

“हे कोणी शोधलं होतं रे?” वडिलांनी सहज विचारले. मुलगी गप्प राहिली.

आता प्रश्न असा, की भाव सांगणाऱ्या संकेतस्थळाला दुपारची गोष्ट कळली कशी? मुलीने जिथे माहिती वाचली ते संकेतस्थळ निराळे, आणि भावाचे निराळे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पुष्कळांना वाटते, की फोन आपले बोलणे चोरून ऐकतो. पण इथे तर कोणी काही बोललेच नव्हते. या कोड्याचे उत्तर ‘कुकी’ नावाच्या एका चिमुकल्या नोंदीत आहे. ती नोंद काय असते आणि कसे काम करते, हे आपण क्रमाने पाहू.

विसराळू सर्व्हर

आपण जे पान पडद्यावर पाहतो ते कुठेतरी दूर दुसऱ्या संगणकावर साठवलेले असते. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. आपल्या फोनमधला ब्राउझर त्याच्याकडे पान मागतो आणि सर्व्हर ते पाठवून देतो. ही देवघेव ज्या नियमांनी चालते त्यांना एचटीटीपी असे नाव आहे.

या नियमांत मुळात एक उणीव होती. सर्व्हरला स्मरणशक्ती नव्हती. तुम्ही एक पान मागितले, ते मिळाले, व्यवहार संपला. लगेच दुसरे पान मागितले तर मागणारा तोच आहे की दुसरा कोणी, हे सर्व्हरला सांगता येत नसे. नुसती माहिती वाचायची असेल तर यात काही अडत नाही. पण दुकान चालवायचे असेल तर मोठीच पंचाईत होते. गिऱ्हाइकाने पिशवीत एक वही टाकली, पेन घ्यायला वळले, आणि तेवढ्यात दुकानदार विसरला की ही पिशवी कोणाची!

ही अडचण कशी सुटली ते समजण्यासाठी सायकल स्टँड आठवा. तिथला रखवालदार शेकडो लोकांचे चेहरे लक्षात ठेवत नाही. तो एक बिल्ला सायकलीला अडकवतो आणि त्याच क्रमांकाचा दुसरा बिल्ला आपल्या हातात देतो. परत आलो की आपण बिल्ला दाखवतो आणि आपली सायकल मिळते. आपले नाव त्याने विचारलेलेही नसते.

नेटस्केप या कंपनीतील तरुण अभियंता लू मॉन्टुली याने १९९४ साली ब्राउझरसाठी अशीच युक्ती योजली. पान पाठवताना सर्व्हर सोबत एक लहानशी नोंद पाठवतो, उदाहरणार्थ ‘ओळख = ७३५१९०४२’. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच सर्व्हरकडे जाताना आपण होऊन दाखवतो. या नोंदीला कुकी म्हणतात. ती ज्याने दिली त्यालाच परत दाखवायची, दुसऱ्याला नाही, हा नियम अगदी पहिल्यापासून आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. कुकी हा विषाणू नव्हे. ती आज्ञावलीही नव्हे. ती तुमचे फोटो पाहू शकत नाही की संदेश वाचू शकत नाही. ती केवळ मजकुराचा एक तुकडा असते आणि साधारणपणे ४०९६ बाइटांहून मोठी नसते. देवनागरीतले एक चिन्ह संगणकात बहुधा ३ बाइट जागा घेते. म्हणजे एका कुकीत सुमारे १३६५ चिन्हे मावतील. एवढ्याशा जागेत तुमचे चरित्र लिहिता येणार नाही, पण बिल्ल्याचा क्रमांक सहज बसतो. चरित्र लिहायची वही दुसरीकडेच असते.

पाटीवाल्याचा बिल्ला

कुकी ज्याची त्यालाच दाखवायची असेल, तर डागांची माहिती देणाऱ्याचा बिल्ला भाव सांगणाऱ्याला दिसायला नको. तो दिसतही नाही. मग गोम कुठे आहे?

ती अशी, की पडद्यावर एक दिसणारे पान बहुधा एका ठिकाणाहून आलेले नसते. बातमी एका सर्व्हरवरून येते, चित्र दुसऱ्यावरून, आणि जाहिरात तिसऱ्यावरून, म्हणजे जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून. तुमचा ब्राउझर जाहिरात आणायला त्या तिसऱ्याकडे जातो, तेव्हा तो तिसराही आपली कुकी देऊ शकतो. हिला ‘तिऱ्हाइताची कुकी’ म्हणू.

समजा, चिखलीच्या बाजारात कापडवाला, औषधवाला आणि पुस्तकवाला अशी तीन दुकाने आहेत. तिघांनी आपली एकेक भिंत एकाच ठेकेदाराला पाटी लावण्यासाठी भाड्याने दिली आहे. प्रत्येक पाटीजवळ ठेकेदाराचा माणूस वही घेऊन बसतो. तुम्ही कापडाच्या दुकानी गेलात, त्याने तुम्हांला बिल्ला दिला. औषधाच्या दुकानी गेलात, तिथल्या माणसाने तोच बिल्ला पाहिला आणि लिहिले, ‘क्रमांक ७३५१९०४२, खोकल्याचे औषध’. पुस्तकाच्या दुकानी पुन्हा तेच. तिन्ही दुकानदारांना एकमेकांच्या गिऱ्हाइकांची माहिती नाही. पण ठेकेदाराच्या वहीत तुमचा दिवसभराचा फेरफटका उतरलेला आहे.

आपल्या गोष्टीतही हेच घडले. दोन्ही संकेतस्थळांनी पानावरची जागा एकाच जाहिरात कंपनीला दिली होती. दुपारचा बिल्ला रात्री पुन्हा दिसला. आणि एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या : बिल्ला फोनमधल्या ब्राउझरला दिलेला असतो, माणसाला नव्हे. फोन मुलीच्या हातून वडिलांच्या हाती गेला, हे कंपनीला कळले नाही. जिथे घरात प्रत्येकाचा वेगळा फोन आहे तिथे ही चूक फारशी बोचत नाही. जिथे चौघांत एक फोन आहे तिथे एकाची खाजगी गोष्ट दुसऱ्यासमोर उघडी पडते.

नाव नाही, तरी ओळख पटते

“आमच्या वहीत कोणाचे नाव नसते, नुसते क्रमांक असतात,” असे जाहिरात कंपन्या सांगतात. हे म्हणणे गणिताने तपासून पाहू.

साठ हजार वस्तीचे एक गाव घ्या. त्यातल्या एका माणसाला शोधायचे आहे आणि फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येणारे प्रश्न विचारायचे आहेत. पुरुष की स्त्री, एवढ्याने निम्मे लोक गळाले. वय तिशीच्या आत की बाहेर, पुन्हा सुमारे निम्मे गेले. प्रत्येक प्रश्न उरलेल्यांचे दोन सारखे भाग पाडत असेल, तर किती प्रश्न लागतील? २ चा १६ वा घात ६५,५३६ होतो. म्हणजे अवघे १६ प्रश्न पुरले! साऱ्या जगाची वस्ती ८०० कोटींच्या वर आहे. २ चा ३३ वा घात सुमारे ८५९ कोटी. तेव्हा पृथ्वीवरील कोणताही एक माणूस वेगळा काढायला ३३ प्रश्न पुरे होतात.

प्रत्यक्षात प्रश्न इतके नेमके अर्धे भाग पाडत नाहीत, म्हणून थोडे अधिक लागतील. पण वहीत तर प्रत्येक क्रमांकापुढे शेकडो नोंदी असतात. कोणत्या गावाहून, किती वाजता, कोणत्या परीक्षेची माहिती, कोणत्या आजाराची, कोणत्या पिकाची. नाव लिहिले नाही म्हणून माणूस अनोळखी राहतो, असे नाही.

फुकट पानाचे पैसे कोण देतो?

या साऱ्याचे मूळ पैशात आहे. बातमी लिहिणाऱ्याला पगार द्यावा लागतो, सर्व्हरला वीज लागते. वाचक पैसे देत नाही, म्हणून जाहिरातदार देतो. यात मुळात काही वाईट नाही. वर्तमानपत्रेही जाहिरातींच्या उत्पन्नावरच चालत आली आहेत.

फरक एवढाच, की कागदावरची जाहिरात आपण पाहतो, ती आपल्याला पाहत नाही. चिखलीत आणि चंद्रपुरात एकाच अंकात एकच जाहिरात छापून येते. पडद्यावर मात्र अनेकदा पान उघडता उघडता लिलाव होतो. ‘अमुक क्रमांकाचा वाचक आला आहे, त्याला या या गोष्टींत रस दिसतो, जागेला काय देता?’ अशी हाक कित्येक कंपन्यांना एकदम जाते. त्यांची यंत्रे बोली लावतात आणि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याची जाहिरात दिसते. हे सारे सेकंदाच्या लहानशा भागात उरकते. लिलाव एकच जिंकतो, पण तुमची माहिती बोली लावणाऱ्या सर्वांपर्यंत पोचलेली असते. धोका इथे आहे.

मग जाहिरात द्यायची तरी कशी? जुनी रीत अजूनही उपयोगी पडते. भावाच्या पानावर बियाण्यांची जाहिरात द्यावी, परीक्षेच्या पानावर पुस्तकांची. त्यासाठी पान कशाविषयी आहे एवढे कळले तरी पुरते. वाचक कोण आहे ते कळण्याची गरज नाही.

ब्राउझर आणि कायदा

तिऱ्हाइताच्या कुकींविरुद्ध ओरड झाली तेव्हा ब्राउझर बनवणारे हलले. फायरफॉक्सने २०१९ साली, माग काढण्यासाठी ओळखल्या गेलेल्या अशा कुकी अडवणे ही नेहमीची व्यवस्था केली. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये तिऱ्हाइताच्या सर्वच कुकी अडवल्या. गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले होते, की क्रोममधून त्या दोन वर्षांत घालवू. पण मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीने तो बेत सोडला. गूगल स्वतःच जाहिरातींचा मोठा व्यवसाय करते, हे इथे विसरू नये.

आपल्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे त्या पीठावर होते, तसेच न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडही होते. पुढे हे दोघेही देशाचे सरन्यायाधीश झाले.

त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला. ‘विदा’ म्हणजे नोंदलेली माहिती. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कर्तव्ये लागू होण्यासाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली, संमती मागण्याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. त्या अनुसूचीत मराठी आहे. दुसरी, दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. तिसरी, १८ वर्षांखालील सर्वांना हा कायदा मूल समजतो. काही अपवाद सोडता मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास तो मनाई करतो.

पण कायदा सूचना मराठीत देववील. ती वाचण्याचे काम आपलेच. घाईघाईने ‘सर्व मान्य’ या बटणावर बोट ठेवणारा माणूस न वाचता अंगठा उठवणाऱ्यासारखाच होय.

आपण काय करावे?

१. संमतीची चौकट आली की ‘नाकारा’ किंवा ‘फक्त आवश्यक’ असा पर्याय शोधा. लॉगिन टिकवणारी कुकी आवश्यक असते, जाहिरातीची नसते.

२. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिऱ्हाइताच्या कुकी बंद करा. बहुतेक संकेतस्थळे त्यांच्यावाचून नीट चालतात.

३. फोन सामाईक असेल तर खाजगी विषय वाचताना ब्राउझरची खाजगी खिडकी वापरा. ती बंद केली की तिच्यातले बिल्ले नष्ट होतात. मात्र इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून ती तुम्हांला लपवत नाही.

४. ॲपमध्ये कुकीऐवजी फोनचा ‘जाहिरात क्रमांक’ वापरला जातो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरातींच्या विभागात तो पुसून टाकता येतो.

करून पाहा

शाळेच्या संगणक कक्षात शिक्षकांच्या देखरेखीखाली फुकट वाचता येणारी तीन संकेतस्थळे एकामागून एक उघडा. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या खुणेवर टिचकी मारली की कित्येक ब्राउझरांत त्या पानाच्या कुकींची यादी पाहता येते. वहीत दोन रकाने करा. एकात त्या संकेतस्थळाच्याच नावाच्या कुकी लिहा, दुसऱ्यात परक्या नावांच्या. तिन्ही याद्यांत समान असलेली परकी नावे अधोरेखित करा. तुमच्या बाजारातला ठेकेदार तुम्हांला सापडला!

प्रश्न

१. कुकी ज्याने दिली त्यालाच दाखवली जाते, तरीही दोन वेगळ्या संकेतस्थळांवरचे आपले वाचन एकत्र कसे जोडले जाते?

२. महाराष्ट्राची वस्ती १२ कोटी धरली, तर एक माणूस वेगळा काढायला किमान किती ‘होय-नाही’ प्रश्न लागतील?

३. सुरुवातीच्या प्रसंगातील मुलीने कोणती एक गोष्ट केली असती तर तिचे वाचन तिच्यापुरतेच राहिले असते? आणि जाहिरात कंपनीने कोणती?