हिमालयाचे दोन पाहुणे

इतवारी ही नागपुरातील जुनी बाजारपेठ. दुतर्फा दुकानांच्या ओळी, हातगाड्यांची वर्दळ आणि मसाल्यांचा दरवळ यांनी ती सदैव गजबजलेली असते. तेथील काष्ठौषधींच्या एखाद्या दुकानात हिरडा, बेहडा, नागरमोथा यांच्या शेजारी केसांच्या तांबूस गुंत्यासारखी दिसणारी एक वस्तू ठेवलेली आढळते. तिचा वास उग्र आणि मातकट असतो. हीच जटामांसी. दिवाळीच्या उटण्यात आणि केसांच्या तेलात ती घालतात.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. जटामांसीचे माहेर मात्र याहूनही फार वर, हिमालयाच्या ३००० ते ५००० मीटर उंचीच्या उतारांवर आहे. दर हजार मीटर चढावे, तसे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. तेथे वारा बोचरा, हवा विरळ आणि कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. यातील वरच्या उतारांवर उंच वृक्षांचा टिकाव लागत नाही. जटामांसी मात्र जमिनीला बिलगून राहते. अल्पशा उन्हाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न ती आपल्या जाड मूलखोडात साठवते. जुन्या पानांचे तंतू त्याला पांघरुणासारखे वेढून राहतात. त्यांनाच आपण जटा म्हणतो. बर्फ वितळताच या शिदोरीच्या बळावर तिला कोंब फुटतात आणि थोड्याच अवधीत ती फुलते व बी धरते.

हिमालयाचा दुसरा पाहुणा हिवाळ्यात विदर्भातील तलावांवर उतरतो. पांढऱ्या मस्तकावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस म्हणजे पट्टकदंब. लडाख, तिबेट आणि मंगोलिया येथील सरोवरांकाठी तो पिले वाढवतो. इकडे येताना त्यातील अनेकांना हिमालय ओलांडावा लागतो. साडेपाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो; तेथे माणसाला चार पावले चालतानाही धाप लागते. पट्टकदंबाचे रक्त विरळ हवेतूनही प्राणवायू चटकन शोषून घेते. त्याची फुप्फुसे इतर हंसांपेक्षा मोठी असून पंखांच्या स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. काही पक्षी सात हजार मीटरांहून उंच उडाल्याची नोंद आहे. तरी शक्ती वाचविण्यासाठी तो बहुधा डोंगरांच्या चढउतारांना धरूनच उडतो.

असे हे दोन पाहुणे. पण त्यांच्यात एक मोठा भेद आहे. हिवाळा सरला की पट्टकदंब आपल्या घरी परततो. जटामांसी परतत नाही. पर्वतावर जे मूलखोड तिचा जीव राखते, त्यालाच बाजारात मोल असते. ते खणून काढले की अनेक वर्षांची शिदोरी आणि पुढच्या ऋतूचा कोंब, दोन्ही एकदमच जातात. शिवाय ती फार सावकाश वाढते. यामुळे तिची संख्या इतकी घटली की, १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत आणि नष्ट होण्याचा अत्यंत धोका असलेल्या वनस्पतींत तिची गणना होते.

मग ती खणूच नये काय? हिमालयातील अनेक गरीब कुटुंबांची गुजराण अशाच वनौषधींवर होते. त्यांचा घास काढून घेणे हा न्याय नव्हे. बी गळून पडल्यावरच खणावे, मूलखोडाचा थोडा भाग पुन्हा मातीत लावावा आणि खणलेल्या उतारास काही वर्षे विसावा द्यावा, हा त्यातील मध्यम मार्ग होय. शेतात तिची लागवड करण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

थंडी, वारा आणि हिम यांना तोंड देण्यास जटामांसी समर्थ आहे. कुदळीपुढे मात्र तिचा इलाज चालत नाही. तेथे माणसाच्या विवेकानेच तिचे रक्षण केले पाहिजे. इतवारीत चिमूटभर जटामांसी विकत घेणाऱ्यानेही एवढे ध्यानात ठेवावे की, त्या पुडीत हिमालयाच्या कित्येक उन्हाळ्यांची साठवण बांधलेली आहे.