मुलांच्या अंगी धीर कसा येतो : पालकसभेत वाचावयाचा पाठ

प्राथमिक शाळेतील मूल दिवसाचे पाच-सहा तास गुरुजींच्या किंवा बाईंच्या नजरेखाली असते. उरलेला सारा वेळ ते घरी, अंगणात, वाटेवर आणि शेताच्या बांधावर असते. वाचन, लेखन व गणित यांची जबाबदारी शाळेने पत्करली आहेच. परंतु अपयश आले असता खचून न जाणे, चूक झाली असता ती कबूल करणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कामाला हात घालणे, या गोष्टी कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेत सापडत नाहीत. त्यांचे शिक्षण घरी होते, किंवा होतच नाही. म्हणून हा पाठ पालकांकरिता लिहिला आहे. शिक्षकांनी तो सभेत सावकाश वाचावा, आणि जेथे पालकांस काही बोलावेसे वाटेल तेथे वाचन थांबवावे.

भोरजवळील उत्रोलीसारख्या गावातील एक घर आपण डोळ्यांपुढे आणू. चार भातखाचरे, गोठ्यात एक म्हैस, घरातील कर्ता पुरुष नोकरीनिमित्त पुण्यास किंवा मुंबईस, आणि घरी आई, आजी, आजोबा व दोन मुले. एका पिढीपूर्वी अशा घरातील मुलाने दप्तर खुंटीला अडकविले की त्याचे काम ठरलेले असे. गुरे पाण्यावर न्यावयाची, सरपण आणावयाचे, धाकटे भावंड सांभाळावयाचे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कित्येक मुलींची शाळा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच सुटली. परंतु आज पारडे अगदी दुसऱ्या बाजूस झुकले आहे. “आम्ही सोसले ते आमच्या पोरांना नको,” असे आईबाप म्हणतात, आणि ही इच्छा आदरास पात्र आहे. मात्र तिच्या पोटी असे घडते की दप्तर आजोबा उचलतात, बुटाची नाडी आई बांधते, गृहपाठाची चित्रे थोरली ताई काढून देते, आणि मूल रडू लागले की त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. दहा वर्षे मुलास कोणतीच अडचण भेटू द्यावयाची नाही, आणि अकराव्या वर्षी पहिली अडचण आल्यावर ते कोसळले की त्यालाच नाजूक म्हणावयाचे, हा न्याय नव्हे.

याच्या उलट समजूतही आपल्याकडे आहे. मुलास चार फटके बसले, चारचौघांत बोलून घेतले, म्हणजे ते निब्बर होते, असे पुष्कळांस वाटते. अशा वेळी ‘श्यामची आई’ या साने गुरुजींच्या पुस्तकाचा हवाला हमखास दिला जातो. पोहावयास भिणाऱ्या श्यामला आईने मारून विहिरीवर पाठविले, ही आठवण मराठी घरांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती सांगणारे बहुधा मारापाशीच थांबतात. माझ्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे मला साहवत नाही, हे आईने नंतर श्यामला मायेने समजावले, तो भाग सांगावयाचा राहून जातो. माराने भीती जात नाही; ती पाण्यावरून उठून मारणाऱ्यावर बसते, एवढेच. शाळेत शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली आहे. घरासाठी वेगळा नियम असावा, असे मानण्यास आधार नाही.

मग धीर येतो कोठून? या प्रश्नाचा कसून शोध घेतलेले एक उदाहरण पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपैकी कवाई या बेटावरचे आहे. तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांची पाहणी एमी वर्नर व रूथ स्मिथ या अभ्यासक बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतली, आणि ती मुले चाळिशीस पोहोचेपर्यंत त्यांचा मागोवा वेळोवेळी घेतला. त्यांपैकी सुमारे २०० मुलांच्या वाट्यास दारिद्र्य, जन्मवेळची दुखणी, घरातील भांडणे किंवा आईबापांचे आजारपण अशी अनेक संकटे एकत्रच आली होती. अशांपैकी ७२ मुले अठराव्या वर्षी कर्ती, विश्वासाची व दुसऱ्याची काळजी वाहणारी झालेली आढळली. त्यांच्या ठायी काय विशेष होते? पुष्कळ गोष्टी निघाल्या. त्यांपैकी दोन आपल्या कामाच्या आहेत. एक अशी की, प्रत्येकाच्या आयुष्यात त्याला मनापासून आपले मानणारे निदान एक मोठे माणूस होते, आणि ते आईबापच असले पाहिजे असे नव्हते. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक कोणीही चालले. दुसरी अशी की, त्यांपैकी अनेकांवर लहानपणी घरचे एखादे खरे काम सोपविलेले होते, आणि ते त्यांनी केले नाही तर घराचे अडत असे.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे १९१० साली जन्मलेल्या अनुताई वाघ यांचे लग्न तेराव्या वर्षी झाले व काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य तेथेच संपले असे लोक मानीत. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, नोकरी सांभाळून रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक झाल्या, आणि पदवी तर त्यांनी १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मिळविली. १९४५ पासून त्या ताराबाई मोडक यांच्यासह बोर्डी येथे, व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांसाठी बालवाडी चालवीत होत्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. शिक्षणाची साधने म्हणून पाने, बिया, खडे व शिंपले घेतले. मुलांस नवी खेळणी पुरविण्यापेक्षा, मुलांच्या हातात जे आहे त्यालाच त्यांनी मान दिला. शिक्षणशास्त्रावरील पुष्कळ जाड ग्रंथांपेक्षा मला ही कृती अधिक शिकविणारी वाटते.

आता हीच दृष्टी घेऊन उत्रोलीच्या त्या घरात परत येऊ. मुलास काम द्यावे, पण ते खरे असावे. “जा, काहीतरी मदत कर,” हे काम नव्हे. ती हाकलण्याची रीत झाली. पाच वर्षांच्या मुलाकडे जेवणाच्या वेळी प्रत्येकाच्या पानाशी पाण्याचा तांब्या ठेवणे सोपवावे. सात-आठ वर्षांच्या मुलाकडे कोंबड्यांना दाणे टाकणे, तिन्हीसांजेला त्या मोजणे आणि खुराड्याचे दार लावणे हे काम द्यावे. दहा वर्षांच्या मुलाने डेअरीवर दूध घालणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर जावे, पावतीवरील लिटर, फॅट व दर वाचावे आणि आठवड्याचा हिशेब वहीत मांडावा. त्यात दशांश अपूर्णांक आपोआप पक्के होतात, हा शाळेचा फायदा. लावणीच्या दिवसांत मोठी माणसे चिखलात वाकलेली असतात, तेव्हा रोपांच्या जुड्या बांधाबांधाने पोहोचविणे हे मुलांना झेपणारे व आवडणारे काम आहे. मात्र फवारणीचा पंप, विजेची मोटार, विहिरीचा काठ आणि धारेची हत्यारे यांपासून त्यांना दूर ठेवावे. कायद्यानेही, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, चौदा वर्षांखालील मुलास घरच्या कामात मदत करण्याची मुभा आहे ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि धोक्याच्या कामात मुळीच नाही. लावणी आहे म्हणून शाळा बुडविणे या पाठात बसत नाही.

काम एकदा दिले की ते मुलाचे झाले. येथेच मोठ्यांची परीक्षा होते. समजा, एके दिवशी मुलगा खेळाच्या नादात खुराड्याचे दार लावावयाचे विसरला आणि रात्री रानमांजराने एक कोंबडी नेली. सकाळी पिसे पाहून त्याचा चेहरा उतरला आहे. अशा वेळी एक आजी म्हणेल, “मेल्या, तुझ्याच्यानं एक काम होत नाही!” दुसरी म्हणेल, “जाऊ दे रे बाळा, उद्यापासून दार मीच लावत जाईन.” दोघींचीही माया खरी आहे, आणि दोघींनीही मुलाचे काम काढून घेतले आहे, एकीने रागाने, दुसरीने लाडाने. तिसरी आजी त्याच्याजवळ बसेल, पिसे त्याच्याबरोबर गोळा करील आणि विचारील, “आता काय करायचं? आज संध्याकाळी आठवण कशी राहील?” मूल काहीतरी सुचवील. दिवा लावण्याच्या वेळेस दार, असे ठरेल. संध्याकाळी दार तेच लावील, आजी केवळ ओट्यावरून पाहील. नुकसान एका कोंबडीचे झाले. शिकणे किती झाले, याचे मोल करता येत नाही. पाठीशी उभे राहणे व पुढे होऊन काम उरकणे यांतील अंतर हे असे आहे.

येथे मुलगा-मुलगी असा भेद करू नये, हे वेगळे सांगावे लागू नये; पण सांगावे लागते. मुलीकडे कामे आपसूक येतात व मुलाकडून ती आपसूक सुटतात. शिवाय मुलगी मुकाट्याने सोसते याचे आपल्याकडे फार कौतुक होते. सोशिकपणा आणि धीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धीर असलेले मूल “मला हे जमत नाही, मला मदत करा” असेही म्हणू शकते.

शिष्यवृत्तीच्या व नवोदयच्या परीक्षांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पिंपळे जगताप येथील नवोदय विद्यालयात सहावीच्या वर्गासाठी जास्तीत जास्त ८० जागा असतात, आणि परीक्षेस सबंध पुणे जिल्ह्यातील मुले बसतात. म्हणजे चांगला अभ्यास केलेल्या बहुसंख्य मुलांची नावे यादीत येणार नाहीत, हे गणितच आहे. ते निकालाआधीच मुलास मोकळेपणाने सांगावे. नाव आले नाही त्या संध्याकाळी शेजारच्या मुलाचे गुण काढू नयेत. मुलास रडू द्यावे, जेवू घालावे, आणि चार दिवसांनी प्रश्नपत्रिका काढून कोठे अडले ते त्याच्याबरोबर पाहावे. यश आले तरी “किती हुशार माझे बाळ!” एवढ्यावर थांबू नये. १९९८ साली अमेरिकेत म्युलर व ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, ज्यांच्या हुशारीची स्तुती झाली ती मुले पुढील कठीण कोड्यांपुढे लवकर नाउमेद झाली. ज्यांच्या मेहनतीची स्तुती झाली ती अधिक वेळ टिकली. या विषयावर पुढे वाद पुष्कळ झाले, आणि केवळ शब्द बदलून चमत्कार घडत नाही हेही दिसून आले. तरी “हे गणित तू तीन वेळा खोडून पुन्हा मांडलेस, ते मी पाहिले,” असे म्हणण्यास पैसा पडत नाही. त्यासाठी ते खरोखर पाहिलेले मात्र असावे लागते.

जे वडील दूर नोकरीस आहेत त्यांनी रात्री फोनवर “किती मार्क मिळाले?” एवढेच विचारू नये. “आज काय अवघड गेले? मग काय केलेस?” असे विचारून उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. पहिले काही दिवस “काही नाही” हेच उत्तर येईल.

झोप व मोबाईल यांविषयी फार लिहीत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप लागते, आणि अपुऱ्या झोपेचे मूल चिडके असते, हे प्रत्येक आईस ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या आतील मुलास पडदा मुळीच दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये, कमी तितके चांगले. रडे थांबविण्यासाठी मोबाईल देणे तेवढे टाळावे. रडे हे मुलाचे पहिले काम आहे. ते त्याला पुरे करू द्यावे, आपण जवळ बसावे.

काही दुःखे मात्र घरच्या उपायांनी जात नाहीत. मूल दोन आठवडे किंवा अधिक काळ उदास, गप्प किंवा फार चिडलेले असेल, खाणे व झोप बिघडली असेल, शाळेत जाण्याची धास्ती घेत असेल, तर ते नाटक करीत आहे असे समजू नये. वर्गशिक्षकांशी बोलावे व प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस दाखवावे. जगण्याचा कंटाळा आल्याचे मुलाने बोलून दाखविल्यास दोन आठवडेही थांबू नये; त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक शाळेच्या फळ्याशेजारी ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत.

शिक्षकांनी या सभेच्या अखेरीस प्रत्येक पालकास एकच प्रश्न विचारावा : आपल्या मुलाकडे घरातील कोणते काम पूर्णपणे त्याचे म्हणून आहे? उत्तर वहीत टिपावे. काम नसेल तर या आठवड्यात कोणते देणार, तेही टिपावे. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सभेत तीच वही उघडून तोच प्रश्न पुन्हा विचारावा, आणि त्याआधी वर्गात तो मुलांसही विचारून ठेवावा. दोघांची उत्तरे नेहमी जुळतातच असे नाही.