चोवीस निघाले, सव्वीस पोहोचले



मिशन केंद्राला भेट देऊन परतलेली तरुण मंडळी बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात. तिकडे पाड्यापाड्यांतून फिरताना, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात प्रार्थना करताना सारखे वाटत होते की प्रभू मला बोलावतो आहे. घरी आलो, पुन्हा लोकलची गर्दी आणि ऑफिस सुरू झाले आणि ते वाटणे विरून गेले. मग ते पाचारण होते की चार दिवसांचा उत्साह? आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो. मुलगा किंवा मुलगी सेमिनरीत, कॉन्व्हेंटमध्ये जाते म्हणाली आणि तिकडून नकार आला तर? किंवा दोन वर्षांनी परत आली तर? लोक काय म्हणतील?

दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरे पवित्र शास्त्रात आणि आपल्याच वसईच्या एका संताच्या चरित्रात शोधता येतात.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सोळावा अध्याय उघडा आणि सहाव्या वचनापासून वाचा. संत पौल, सीला आणि तरुण तीमथ्य मिशन प्रवासाला निघालेले आहेत. त्यांना आशियात, म्हणजे रोमन साम्राज्याच्या त्या नावाच्या प्रांतात, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, वचन सांगायचे होते. पवित्र आत्म्याने मना केले. मग ते उत्तरेला बिथुनियाकडे वळले. तिथेही येशूच्या आत्म्याने जाऊ दिले नाही. ही मना स्वप्नातून झाली, आजारपणातून झाली की वाटच बंद होती, हे लूक लिहीत नाही. तो एवढेच सांगतो की दोन दरवाजे बंद झाले आणि हे तिघे समुद्रकाठच्या त्रोवस गावी येऊन पोहोचले. तेथे रात्री पौलाला दर्शन झाले: मासेदोनियाचा एक माणूस उभा राहून मदतीला या अशी विनंती करत होता.

आपण या दर्शनावर फार भर देतो. पण पुढचे वचन बारकाईने वाचा. दर्शन एकट्या पौलाला झाले, मात्र त्याचा अर्थ सर्वांनी मिळून लावला. याच दहाव्या वचनात 'आम्ही' हा शब्द या पुस्तकाच्या कथनात प्रथमच येतो. देवाने आम्हांला बोलावले आहे असे आम्ही अनुमान केले, अशा आशयाचे ते वाक्य आहे. अनुमान! संत पौलासारख्या प्रेषितालाही सोबत्यांबरोबर बसून विचार करावा लागला. ज्या तरुणाला आपले पाचारण एकट्याने, खोलीचे दार लावून, एका रात्रीत ठरवायचे असते, त्याने या वचनाशी जरा थांबावे.

पुढे एक गंमत आहे. ते फिलिप्पै शहरात गेले. शब्बाथ दिवशी नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या स्त्रियांशी बोलले. त्यांच्यापैकी जिचे अंतःकरण प्रभूने उघडले ती लुदिया, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. ती कोठची होती? थुवतीरा गावची. आणि थुवतीरा त्याच आशिया प्रांतात आहे, जिथे जायला आत्म्याने मना केले होते! आशियाचा दरवाजा बंद झाला असे वाटले आणि आशियाचीच बाई समुद्रापलीकडे त्यांची वाट पाहत होती. पुढे पौल आशियातील इफिसलाही गेला आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. बंद दाराचा अर्थ 'कधीच नाही' असा असतोच असे नाही.

आता वसईकडे येऊ. संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्याकडे चर्चला आहे, कॉलेजला आहे, अनेक घरांतील मुलांनाही आहे. ते हुतात्मा झाले हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण मधली वीसेक वर्षे आपण घाईने ओलांडतो. मला तरी तीच फार महत्त्वाची वाटतात.

सुमारे १५५७ साली वसईत त्यांचा जन्म झाला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते वाढले आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली. पुस्तकी नव्हे, तर लोकांच्या मनात शिरणारी. काही वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. तो मिळाला नाही. शेवटी ते मिशन सोडून व्यापारात पडले. धंदा चांगला चालला. पुढे ते मनिला येथे गेले, फ्रान्सिस्कन मंडळींच्या सहवासात आले आणि त्यांच्या संघात ब्रदर झाले. धर्मगुरू नव्हे, ब्रदर. १५९३ साली मनिलाहून संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्या पुढारीपणाखाली फ्रान्सिस्कनांचे पथक जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले, तेव्हा बोलणी करायला दुभाष्या हवा होता. तो कोण? जपानी भाषा जाणणारा वसईचा हा ब्रदर.

नकार मिळालेल्या काळात शिकलेली भाषाच अखेर कामी आली. त्या भाषेच्या आधाराने क्योतो शहरात फ्रान्सिस्कनांचे काम उभे राहिले. त्यात कुष्ठरोग्यांसाठी दवाखानाही होता. मिशनरींनी देश सोडावा असा हिदेयोशीचा हुकूम १५८७ सालीच निघालेला होता, हे विसरू नये. डोक्यावर तलवार टांगलेली असताना हे काम चालले होते.

येथे मला आपल्या धर्मग्रामाविषयी स्पष्ट बोलावेसे वाटते. सेमिनरीतून परत आलेल्या मुलाकडे, कॉन्व्हेंट सोडून आलेल्या मुलीकडे आपण कसे पाहतो? लग्नाच्या बोलणीत ती गोष्ट कुजबुजत सांगितली जाते. 'फादर व्हायला गेला होता, जमले नाही,' असे म्हणताना आपल्या आवाजात कीव असते, कधी कुचेष्टाही. ज्या मुलाने प्रभूच्या हाकेला उत्तर द्यायचे धाडस केले, त्याला आपण असे वागवतो आणि मग पाचारणे का कमी झाली म्हणून चर्चासत्रे भरवतो. गोन्सालो व्यापार करत होते त्या वर्षांत त्यांना एखादा वसईकर भेटला असता, तर तो त्यांच्याविषयी घरी काय सांगत आला असता, याचा विचार करून पाहा.

आता शेवटच्या प्रवासाकडे. १५९६ च्या ऑक्टोबरात 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मालाची जप्ती आणि त्यातून पेटलेला संशय हे निमित्त झाले आणि हिदेयोशीने ख्रिस्ती लोकांना पकडण्याचा हुकूम दिला. शिपाई यादी घेऊन आले. यादीत मत्थिया नावाचा एक जण होता, पण तो त्या वेळी तेथे नव्हता. शेजारचा दुसराच मत्थिया पुढे आला आणि माझेही नाव मत्थिया, मीही ख्रिस्ती, असे म्हणून त्याच्या जागी उभा राहिला, असे सांगतात. शिपायांना नावाशी काम होते; त्यांनी त्याला नेले. यहूदाच्या रिकाम्या जागी चिठ्ठ्या टाकून जो निवडला गेला, त्या प्रेषिताचेही नाव मत्थियाच होते. हा मात्र चिठ्ठी न टाकता आपणहून आला.

क्योतोमध्ये कैद्यांचे डावे कान छाटून त्यांची धिंड काढली. मग ओसाका, साकाई. तेथून कडाक्याच्या थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेले. सगळा प्रवास जवळजवळ महिनाभराचा. निघताना ते चोवीस होते: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि पंधरा जपानी प्रापंचिक. त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. चौदा वर्षांच्या टॉमस कोझाकीने वाटेत आपल्या आईला पत्र लिहिले. त्याचे वडील त्याच्याबरोबरच चालत होते.

या चोवीस जणांच्या मागोमाग आणखी दोघे चालत होते. पेद्रो सुकेजिरो याला येशूसंघीय धर्मगुरूंनी कैद्यांची देखभाल करायला पाठवले होते. दुसरा फ्रान्सिस, क्योतोचा एक सुतार. तो आपल्या मनानेच निघाला होता. दोघांवर आरोप नव्हता, यादीत नाव नव्हते. त्यांना मागे फिरायला वाट मोकळी होती. कैद्यांची सेवा करत ते चालत राहिले आणि वाटेतच शिपायांनी त्यांनाही कैद्यांत सामील केले. आपण ख्रिस्ती नाही असे म्हणून सुटायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले.

मिशनहून परतलेल्या तरुणाच्या प्रश्नाला हे दोघे चांगले उत्तर देतील असे मला वाटते. सुतार फ्रान्सिस त्या दिवशी हुतात्मा व्हायला घराबाहेर पडला होता काय? तो थंडीने काकडणाऱ्या माणसांच्या सोबतीला निघाला होता. त्या कामात तो टिकून राहिला, आणि तेवढ्यात पाचारणाने त्याला गाठले. तेव्हा घरी आल्यावर वाटणे ओसरले म्हणून घाबरू नये. वाटणे ओसरतेच. मिशनवर ज्या आजीला पाणी भरून दिले, ज्या मुलांचा अभ्यास घेतला, तसे कोणी आपल्या गल्लीत आहे का हे पाहावे आणि ते काम सहा महिने, वर्षभर, कोणी कौतुक केले नाही तरी चालू ठेवावे. त्यानंतर धर्मगुरूंशी, आईवडिलांशी, एखाद्या सिस्टरशी बोलावे. 'आम्ही अनुमान केले' हे वचन तेव्हा उपयोगी पडेल.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना एकत्र संतपद दिले. त्यात दुभाष्या गोन्सालो आहेत, दुसऱ्याच्या जागी गेलेला मत्थिया आहे आणि मागाहून आलेले ते दोघेही आहेत.

या आठवड्यात संध्याकाळच्या रोझरीनंतर प्रेषितांची कृत्ये १६:६-१५ घरात मोठ्याने वाचावे. शक्य असल्यास मुलांपैकी कोणी वाचावे. मिशन भेटीला जाणाऱ्या तरुणांनी सहाव्या ते दहाव्या वचनावर बोलावे. घरीच राहणाऱ्यांनी पंधरावे वचन घ्यावे. त्यात लुदिया कोठेही प्रवासाला निघत नाही. ती त्या थकल्या-भागल्या मिशनरींना आपल्या घरी राहायला चला म्हणून इतका आग्रह करते की त्यांना नाही म्हणता येत नाही.